आयोमीची बोटं आणि सैल केलेल्या तारा

‘अपघातात बोटांची टोकं गेली, म्हणून टोनी आयोमीने गिटारच्या तारा सैल केल्या आणि त्यातून ब्लॅक सबाथचा जड आवाज जन्मला.’ ब्लॅक सबाथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या गिटारवादकाची ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. ती अर्धीच खरी आहे.

अपघात खरा. 1965 साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, 17 वर्षांच्या आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक यंत्रात तुटलं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. पोराने हार मानली नाही. प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं आणि गिटारला बॅन्जोच्या बारीक तारा लावल्या.

पण तारा सैल करून त्यांचा सूर खाली उतरवणं? 1970 चा पहिला अल्बम लावा आणि गिटार घेऊन सोबत बसा. बँडच्याच नावाचं ते अंगावर काटा आणणारं गाणं नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सरळ जुळतं. तीन अर्धस्वर खाली उतरलेल्या तारा ऐकू येतात 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमात, अपघातानंतर तब्बल सहा वर्षांनी, आणि तिथेही सगळ्या गाण्यांत नाही. शिवाय बँडमधल्या गीझर बटलरची बास गिटारही सोबत उतरली. त्याची बोटं तर शाबूत होती! सैल तारा दुखऱ्या बोटांना सोप्या जातात, हे मान्य. पण जडपणा त्याआधीच आला होता. पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे अनेक सूर, धरणं अवघड, म्हणून आयोमी दोन बोटांत बसणारे मोजके, भरदार कॉर्ड वाजवू लागला होता. अपघाताची खरी खूण शोधायची तर तिथे शोधा.