कॉलेज बदलणारा बास्केटबॉल गार्ड: पोर्टलमध्ये नाव घालणं सोपं, अर्ज अडतो तो पुढे

2025 च्या एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था) बास्केटबॉल फायनलमध्ये फ्लोरिडाने ह्यूस्टनला 65-63 असं हरवलं. त्या संघाचे सुरुवातीला उतरणारे तिन्ही गार्ड (चेंडू खेळवत चाल रचणारे खेळाडू) दुसऱ्या कॉलेजांतून आलेले होते: वॉल्टर क्लेटन आयोनाहून, अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून आणि विल रिचर्ड बेलमाँटहून. अशी उदाहरणं पाहून दर वसंतात ट्रान्सफर पोर्टलकडे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या एनसीएएच्या ऑनलाइन यादीकडे, झुंबड उडते. तिथे पोचायला फार काही लागत नाही. घोळ होतो तो क्रेडिट (पूर्ण केलेल्या कोर्सबद्दल मिळणारं, डिग्रीसाठी मोजलं जाणारं एकक), करार आणि व्हिसा या तीन ठिकाणी.

पात्रता

पूर्वी बास्केटबॉलमध्ये कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागे. 2021 मध्ये पहिल्या बदलीला सूट मिळाली, आणि एप्रिल 2024 मध्ये कितीही वेळा बदलण्याची मुभा आली, अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर. या वाक्याचा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसरा कुणाच्या गावीही नसतो. आणि खेळण्यासाठी मिळालेल्या पाच वर्षांचं घड्याळ बदली केली म्हणून थांबत नाही.

अर्ज कसा होतो

खेळाडूने आपल्या सध्याच्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या विभागाला) लेखी कळवायचं आणि छोटं ऑनलाइन मॉड्यूल पूर्ण करायचं. त्यानंतर कामाच्या दोन दिवसांत नाव पोर्टलमध्ये चढवणं ऑफिसवर बंधनकारक आहे. कोचची परवानगी लागत नाही. मात्र कोचच्या कानावर घातलं किंवा इन्स्टाग्रामवर टाकलं म्हणजे अर्ज होत नाही. ईमेल करा आणि तो जपून ठेवा. मॉड्यूल अर्धवट राहिलं तर ते दोन दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, आणि शेवटच्या दिवशी जागं होणारे नेमके इथे सापडतात.

मुदत कशाची?

सर्वाधिक गैरसमज इथेच. ट्रान्सफर विंडो ही *नाव देण्याची* मुदत आहे, नवं कॉलेज निवडण्याची नाही. 2025 मध्ये पुरुषांची विंडो 24 मार्च ते 22 एप्रिल होती. नाव त्यात गेलं असेल तर निर्णय मे महिन्यात घेतला तरी चालतो. तरी घाबरून पहिल्या फोनला होकार देणारे दरवर्षी दिसतात. उलटंही होतं: "आधी कॉलेज ठरू दे, मग नाव देऊ" म्हणत बसलेल्याची विंडो निघून जाते. 2023 मध्ये ती 60 दिवसांची होती, मग 45, मग 30, आणि पुढेही आखडतच चालली आहे. मागच्या वर्षीच्या तारखांवर विसंबू नका. हेड कोच गेला तर वेगळी मुदत मिळते, तिच्या तारखा लगेच विचारून घ्या.

नाव देण्याआधी एक गोष्ट ध्यानात असू द्या. नाव चढलं की सध्याचं कॉलेज चालू टर्म संपल्यावर स्कॉलरशिप बंद करू शकतं. नाव मागे घेता येतं, पण परत घेण्याची सक्ती त्यांच्यावर नाही.

क्रेडिट: खरा अडथळा

"आमची सगळी क्रेडिट्स घेतली" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. कॉलेजने क्रेडिट *स्वीकारणं* वेगळं आणि ते तुमच्या *डिग्रीत मोजलं जाणं* वेगळं. एनसीएएची ओळखीची पायरी अशी: तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला डिग्रीचा 40 टक्के भाग पूर्ण, चौथ्याला 60, पाचव्याला 80. बदलून येणाऱ्याला तुमच्या वर्षी कोणता टक्का लागू आहे ते नव्या कॉलेजकडून लेखी घ्या. गणिताची रीत तीच राहते.

समजा डिग्री 120 क्रेडिटची आहे. 40 टक्के म्हणजे 48. मुलाकडे 61 आहेत, नव्या कॉलेजने 58 स्वीकारली, पण त्याने निवडलेल्या बिझनेस डिग्रीत बसली 41. उरलेली इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयांत) ढकलली, म्हणजे या हिशेबात शून्य. कमी पडली 7. तीन-तीन क्रेडिटचे दोन समर कोर्स केले तरी 6 होतात, एका क्रेडिटसाठी तिसरा कोर्स. हे ऑगस्टमध्ये कळलं तर मोसम हातचा गेला. म्हणून सही करण्याआधी, ठरलेल्या मेजरनुसार (मुख्य विषयानुसार) केलेलं क्रेडिट मूल्यमापन कागदावर मागा. असिस्टंट कोचचा "डोन्ट वरी" हा कागद नव्हे.

कुणाकडेच नसणारा कागद म्हणजे जुन्या कोर्सेसचे सिलॅबस. नावावरून कोर्स जुळला नाही की नवा विभाग सिलॅबस मागतो, आणि तोवर जुन्या कॉलेजचं लॉगिन बंद झालेलं असतं. पोर्टलमध्ये जाण्याआधी सगळे उतरवून घ्या. हॉस्टेलची वा पार्किंगची थकबाकीही तपासा, किरकोळ रकमेपायी ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट अडकलेलं असू शकतं.

करार

1 जुलै 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. त्या करारात मुदतीआधी गेल्यास भरपाईचं कलम असू शकतं. कराराची प्रत खेळाडूपाशी नसते, ती एजंटकडे असते, हे किती घरांत आहे पाहा. प्रत मिळवा, वकिलाला दाखवा, मग ईमेल पाठवा. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडूला एका कॉलेजशी बांधणारं पत्र) ऑक्टोबर 2024 मध्येच रद्द झालं आहे. ते मागणाऱ्या याद्या जुन्या समजा.

भारतातून एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर गेलेल्यांसाठी

पोर्टल आणि सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकन सरकारी नोंद) या दोन स्वतंत्र बदल्या आहेत. कम्प्लायन्स ऑफिस दुसरी करत नाही, ती डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद सांभाळणारा कॉलेजचा अधिकारी) करतो. त्याच्याकडे रिलीजची तारीख ठरवावी लागते. ती उलटेपर्यंत बदली रद्द करता येते, नंतर रेकॉर्ड नव्या कॉलेजच्या हातात जातं. प्रवेश पक्का नसताना तारीख लावून घेऊ नका. नवा अभ्यासक्रम पाच महिन्यांच्या आत सुरू व्हावा लागतो, आणि तो सुरू झाल्यापासून 15 दिवसांत नव्या डीएसओकडे हजेरी. जाहिरात, सह्यांचे कार्यक्रम असं अमेरिकन सहकारी करतात म्हणून तुम्ही करू नका. ते विनापरवाना काम ठरू शकतं, त्यामुळे आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, एजंटला नव्हे. उन्हाळ्यात घरी येणार असाल तर रिलीजनंतर परतताना हातात नव्या कॉलेजचा आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा दाखला) हवा. पासपोर्टवरच्या व्हिसावर जुन्या कॉलेजचं नाव असलं आणि व्हिसाची मुदत शिल्लक असली तर सहसा अडचण येत नाही. जुना आय-20 मात्र चालत नाही.