भूमिगत जलविद्युतगृह

डोंगराच्या पोटात खोदलेल्या गुहेत जनित्रे बसवलेल्या जलविद्युत केंद्रास भूमिगत जलविद्युतगृह म्हणतात. मुंबईला १९१५ पासून वीज पुरवणारे खोपोलीचे केंद्र या प्रकारात मोडत नाही. त्याचे पोलादी नळ घाटउतारावर उघडे दिसतात. कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील यंत्रगृहासाठी मात्र पाणी सह्याद्रीच्या आतूनच चारशे मीटरांहून अधिक खाली उतरवले आहे. उभ्या कड्याखाली सपाट जागा नसणे आणि दरडींचे भय ही यामागची नेहमीची कारणे होत.

गुहेची जागा व दिशा खडक पाहून ठरते. खडकातील मुख्य भेगांना गुहेची लांब बाजू समांतर आली, तर भिंतींतून मोठे ठोकळे सुटतात. म्हणून ती शक्यतो भेगांना आडवी ठेवतात. खोदाई छतापासून सुरू होते, छताला पोलादी बोल्ट व फवारलेल्या काँक्रीटचा आधार दिल्यावरच एकेक टप्पा खाली उतरतात. सह्याद्रीत खरी परीक्षा घेतो तो दोन लाव्हाथरांमधला तांबड्या मातकट खडकाचा पट्टा. कुंभार्ली किंवा बोरघाटासारख्या रस्त्याच्या कापात अशा पट्ट्या नजरेस पडतात. हा खडक हवापाणी लागताच भुसभुशीत होतो, त्यामुळे तो उघडा पडल्याबरोबर झाकावा लागतो. वरखाली कितीही अभेद्य बेसॉल्ट असला, तरी हा पट्टा छताच्या पातळीत आल्यास गुहाच वरखाली सरकवणे शहाणपणाचे ठरते.

विजेचा भार अचानक तुटून झडपा मिटल्या की बोगद्यातील वाहत्या पाण्याचा धक्का उलटा फिरतो; तो झेलण्यासाठी दाबविवराच्या, म्हणजे चक्राकडे पाणी उतरवणाऱ्या बोगद्याच्या, वरच्या टोकाशी उल्लोळ विहीर, म्हणजे पाण्याला चढायला जागा देणारी उभी विहीर, ठेवतात. पाण्याच्या झोतावर फिरणारे पेल्टन चक्र अवजलाच्या, म्हणजे चक्रातून बाहेर पडलेल्या पाण्याच्या, पातळीच्या वर मोकळ्या हवेत फिरावे लागते, तर पाण्याने पूर्ण भरून चालणारे फ्रान्सिस चक्र बहुधा त्या पातळीखाली बसवतात, म्हणजे खोदाई आणखी खोल जाते. प्रवेश बोगद्याची रुंदी माणसांवरून नव्हे, तर आत न्यायच्या सर्वांत अवजड यंत्रावरून, बहुधा रोहित्रावरून, ठरते. रोहित्रातील तेलाला आग लागण्याचा धोका असल्याने त्यासाठी अनेकदा वेगळी गुहा खोदतात.

कोयनेच्या १,००० मेगावॉटच्या चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये जलाशय रिकामा न करता, बोगदा तळाखालून नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवण्यात आला. यालाच लेक टॅपिंग म्हणतात. घाटघर येथील २५० मेगावॉटच्या भूमिगत केंद्रात वीज बनवणारी यंत्रेच मागणी कमी असताना पाणी पुन्हा वरच्या जलाशयात चढवतात. कोयनेचे अवजल वाशिष्ठी नदीतून समुद्रास मिळते, आणि ते मुंबईकडे वळवण्याचे प्रस्ताव वेळोवेळी पुढे येतात.