गणितही फ्रेंचमधूनच: इमर्शन शाळांची मुळं

खासगी आंतरराष्ट्रीय शाळांच्या माहितीपत्रकांत 'इमर्शन' हा शब्द आता सर्रास दिसतो. नवी भाषा एक विषय म्हणून शिकवायची नाही, तर गणित, विज्ञान, चित्रकला हे सगळं त्या भाषेतूनच शिकवायचं, असा त्याचा अर्थ. ही कल्पना या शाळांमध्ये दोन अगदी वेगळ्या वाटांनी आली.

पहिली वाट बदलीच्या नोकऱ्यांची. १९२४ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय शाळा निघाली ती राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. देश बदलला तरी मुलाचं शिक्षण तुटू नये, ही साधी गरज होती. पुढे याच शहरात १९६८ मध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट सुरू झालं आणि अनेक देशांतल्या विद्यापीठांना चालेल अशी शालान्त परीक्षा मिळाली. परदेशांतल्या फ्रेंच शाळांची परंपरा तर याहून जुनी. लंडनची फ्रेंच शाळा १९१५ ची. पण या शाळांचा मूळ हेतू घरचा अभ्यासक्रम परक्या गावी चालू ठेवणं हा होता. परक्या भाषेत मूल रुजवण्याची पद्धत त्यांनी घडवली नाही.

ती घडली कॅनडात, माँट्रियलसमोर नदीच्या दक्षिण काठावर असलेल्या सेंट लँबर्ट या छोट्या गावात, आणि ती घडवली पालकांनी. १९६३ ची गोष्ट. क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण मोठ्या उद्योगधंद्यांत वरचष्मा इंग्रजीचा. शाळाही धर्मानुसार विभागलेल्या, फ्रेंच घरं बहुतेक कॅथलिक आणि इंग्रजी शाळा बहुतेक प्रॉटेस्टंट, त्यामुळे इंग्रजी आणि फ्रेंच घरांतली मुलं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसत. इंग्रजी शाळांत फ्रेंचचा रोज छोटासा तास असे. वर्षानुवर्षं तो तास करूनही शेजारच्या माणसाशी चार वाक्यं बोलता येत नसत. ऑल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलरी नील या तीन आया पुढे झाल्या, पालकांचा गट उभा राहिला. आपल्या मुलांचा वर्गच फ्रेंचमधून चालावा, ही त्यांची मागणी.

शाळा मंडळ दाद देईना. त्या काळी दोन भाषांत वाढलेल्या मुलाची बुद्धी मंदावते, अशी समजूत शिक्षणक्षेत्रात घट्ट होती. तिला धक्का दिला तो मॅकगिल विद्यापीठातल्या एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी. त्यांनी १९६२ मध्ये माँट्रियलच्या दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्या आर्थिक स्थितीतली मुलं घेऊन तुलना केली तेव्हा दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुलं बुद्धिमापन चाचण्यांत पुढे निघाली. लँबर्ट आणि मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी पालकांना पाठबळ दिलं. अखेर एका प्रायोगिक बालवर्गाला परवानगी मिळाली. नोंदणी दुपारी एकला उघडली आणि एक वाजून पाच मिनिटांनी २६ जागा भरल्या. सप्टेंबर १९६५ मध्ये वर्ग सुरू झाला.

त्या वर्गातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शिक्षिका फ्रेंचमध्येच बोलत, पण मुलांनी इंग्रजीत उत्तर दिलं तरी चालत असे. कोट कुठे टांगायचा ते बाई फ्रेंचमध्ये सांगत, हाताने दाखवत. मूल इंग्रजीत 'मला भूक लागली' म्हणालं तर त्यांना ते समजे. वर्गातली सगळी मुलं फ्रेंचमध्ये सारखीच कोरी होती, त्यामुळे कोणी मागे पडलेलं नव्हतं. इंग्रजी वाचन दुसरीपासून सुरू झालं, आणि इंग्रजीत आधी दिसलेली तूट लवकरच भरून निघाली. लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी १९७२ मध्ये हे निष्कर्ष पुस्तकरूपात मांडले, आणि ही पद्धत देशभर पसरली. इंग्रजी आणि फ्रेंचला समान दर्जा देणाऱ्या १९६९ च्या राजभाषा कायद्याने वारा अनुकूल केलाच होता. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत याच धर्तीवर स्पॅनिशचा वर्ग निघाला.

मुलाला परक्या भाषेच्या वर्गात बसवणं ही युक्ती मात्र नवी नव्हती. हवाईत १८९६ च्या कायद्याने शाळेचं माध्यम इंग्रजी झालं, आणि हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. वरवर पाहता तेही सेंट लँबर्टसारखंच: बाई एका भाषेत, मूल दुसऱ्या. पण तिथे मुलाची भाषा पुसायची होती, इथे तिच्यात भर घालायची होती. त्याच हवाईत १९८४ मध्ये पालकांनी आणि शिक्षकांनी हवाईयन बोलणारी बालवाडी काढली. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरींनी आपल्या भाषेच्या अशा बालवाड्यांना १९८२ मध्येच सुरुवात केली होती. ज्या पद्धतीने भाषा मारली तीच उलटी फिरवून त्यांनी ती जगवायला घेतली. या सगळ्या इतिहासात मला याहून मोठं काही दिसत नाही.

दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या खासगी शाळांत. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६२ सालीच फ्रेंच-इंग्रजी द्विभाषिक शाळा निघाली होती. १९८१ मध्ये तिथेच चिनी इमर्शनची शाळा सुरू झाली. जपानमध्ये नुमाझू शहरातल्या कातो गाकुएन या खासगी शाळेने १९९२ मध्ये इंग्रजी इमर्शन हाती घेतलं.

दरम्यान पद्धतीतली एक उणीवही समोर आली होती. कॅनडातल्या संशोधक मेरिल स्वेन यांना दिसलं की वर्षानुवर्षं इमर्शनमध्ये शिकलेली मुलं फ्रेंच जवळपास फ्रेंच मुलांइतकीच समजतात, पण बोलताना-लिहिताना व्याकरणाच्या चुका तशाच राहतात. कारण वर्गात बोलतात मुख्यतः बाई. मुलं ऐकतात आणि एका-दोन शब्दांत उत्तरं देतात. ऐकणं पुरत नाही, बोलायला भाग पडावं लागतं, हे त्यांनी १९८५ मध्ये मांडलं. म्हणून आज चांगल्या शाळांत गटचर्चा, सादरीकरणं, लांब लेखन यांवर भर दिसतो.

आणि त्या आंतरराष्ट्रीय वर्गात आता एकच घरची भाषा नसते. कोणाच्या घरी कोरियन, कोणाच्या घरी अरबी, शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी. सेंट लँबर्टच्या बाईंना प्रत्येक मुलाचं बोलणं कळत होतं; इथे 'मला भूक लागली' हे अरबीत म्हणणाऱ्या मुलाला वर्गात कोणी समजून घेणारं आहे का, हे प्रवेश घेण्याआधी पालकांनी जरूर विचारावं.