मवाबीण रूथ आणि एका शब्दाच्या लिंगावरून झालेला वाद

बायबलमधल्या रूथची गोष्ट परत सांगत बसत नाही. दुष्काळ पडला म्हणून बेथलेहेमहून शेजारच्या मवाब देशात गेलेलं कुटुंब, तिथे तिन्ही पुरुष वारले, मागे तीन विधवा, एक सून माहेरी फिरली, दुसरी, म्हणजे रूथ, सासू नामीला चिकटून बेथलेहेमला आली, सातूच्या कापणीत सरवा वेचायला गेली, सासरचा नातेवाईक बवाज भेटला, त्याच्याशी लग्न झालं आणि पुढे तिचा पणतू दावीद राजा झाला. एवढं बहुतेकांना माहीत असतंच. पुस्तक छोटं, चार अध्याय, ८५ वचनं. यहुदी लोक शावुओत सणाला हे वाचतात, आणि प्रवचनात वगैरे सगळा भर असतो तो तिच्या त्या "तुमचे लोक ते माझे लोक" या बोलण्यावर. छानच आहे ते. पण माझ्या मते रूथचा खरा इतिहास तिच्या निष्ठेचा कमी आणि तिला आत घ्यायचं की नाही यावर नंतर शेकडो वर्षं चाललेल्या भांडणाचा जास्त आहे.

मुळात लेखक एक गोष्ट विसरू देत नाही. "मवाबी रूथ" असं तो पाच वेळा म्हणतो. ती सासूबरोबर आली, शेतात राबली, गावाने तिला चांगली म्हटलं, तरी चौथ्या अध्यायात वेशीवर लग्नाचं बोलणं चालू असताना बवाजच्या तोंडीसुद्धा "मवाबी रूथ"च. आपल्याकडे सून पन्नास वर्षं नांदली तरी म्हाताऱ्या तिला माहेरच्या गावावरून ओळखतात तसं काहीसं, फक्त इथे त्या गावाचं नाव कायद्यात होतं.

कायदा म्हणजे अनुवाद नावाच्या बायबलमधल्या नियमांच्या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायातला. अम्मोनी किंवा मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत घ्यायचं नाही, दहाव्या पिढीपर्यंतही नाही. कारणही तिथेच दिलंय, तुम्ही मिसरातून (इजिप्तमधून) येत असताना ते भाकर-पाणी घेऊन सामोरे आले नाहीत आणि वर शाप द्यायला बलाम नावाचा माणूस भाड्याने आणला. मग मवाबी बाईचा पणतू राजा कसा? इ.स.पू. पाचव्या शतकात बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांत परक्या बायकांचा प्रश्न पेटला, एज्रा आणि नहेम्याच्या पुस्तकांत मवाबी बायकांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि बायकामुलांना घालवून देण्यापर्यंत गोष्ट गेली. रूथचं पुस्तक त्याच काळात त्या धोरणाला उत्तर म्हणून लिहिलं गेलं असं काही अभ्यासक मानतात, काही ते बरंच जुनं मानतात. यात मी पडत नाही, कारण नंतरचं प्रकरण जास्त इंटरेस्टिंग आहे.

इ.स. २०० च्या आसपासच्या मिश्नेत, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात, एका ओळीत निकाल लावलेला दिसतो, की अम्मोनी आणि मवाबी पुरुषांना कायमची बंदी, त्यांच्या बायकांना मात्र लगेच परवानगी. आधार काय, तर मूळ हिब्रू शब्द "मोआवी" हा पुल्लिंगी आहे. "मोआवी, मोआवीत नव्हे", म्हणजे मवाबी, मवाबीण नव्हे. ऐकायला सोपं वाटतं पण हिब्रूतही मराठीसारखंच आहे, "मराठी माणूस" म्हटलं की त्यात बाई येतेच ना. हा आक्षेप खुद्द ताल्मूदमध्ये, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांच्या ग्रंथात आहे. तिथे प्रसंग असा रंगवलाय की दावीद गल्याथाशी लढायला निघालाय आणि शौल राजाच्या दरबारातला दवेग म्हणतो, हा राजा व्हायला लायक आहे का ते सोडा, हा मंडळीत बसायला तरी लायक आहे का, मवाबी रूथचा वंशज आहे हा. शौलाचा सेनापती अबनेर मिश्नेतलं उत्तर देतो. दवेग म्हणतो, मग पुढे मिसरी लिहिलंय तिथे मिसरी बाई चालते का? अबनेर म्हणतो, इथे कारण वेगळं आहे, भाकर-पाणी घेऊन वाटेवर सामोरं जाणं हे पुरुषांचं काम, बायकांचं नाही, म्हणून बायकांचा दोष नाही. दवेग लगेच, पुरुषांनी पुरुषांना सामोरं जायचं, बायकांनी बायकांना, मग त्या का नाही आल्या? अबनेर गप्प.

इथे वाद संपायला हवा होता, खरं सांगायचं तर दवेग जिंकलाच होता. पण मग दावीदाच्या नात्यातला एक जण कमरेला तलवार बांधून उभा राहतो आणि म्हणतो, जो हा नियम ऐकणार नाही त्याला भोसकीन, शमुवेल संदेष्ट्याच्या न्यायसभेतून मी हे ऐकलंय, मवाबी, मवाबीण नव्हे. झालं. वर "राजकन्येची शोभा आतच" अशा अर्थाचं स्तोत्रातलं वचनही आधाराला जोडतात, म्हणजे बायका घरात असतात म्हणून सुटल्या. जी बाई एकटी देश ओलांडून आली, अनोळखी शेतात गेली, रात्री खळ्यावर गेली, तिची सुटका बायका बाहेर पडत नाहीत या कारणावर! नियम आधी होता की दावीदाला वाचवायला नंतर शोधला, ज्याने त्याने ठरवावं. मला तो नंतर शोधला असंच वाटतं.

याचा धागा गोष्टीतच अडकवलाय. बवाजपेक्षा जवळचा एक नातेवाईक होता, गोएल, म्हणजे वतन सोडवण्याचा पहिला हक्क त्याचा. जमीन घेतो म्हणाला, रूथचं नाव निघताच माझं वतन बिघडेल म्हणून मागे सरला आणि चप्पल काढून दिली. त्याला ग्रंथात नावच नाही, "प्लोनी अल्मोनी" म्हणजे अमका-तमका, आपला "फलाणा" अरबीतून आला तो याच प्लोनीचा भाऊबंद. रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, म्हणतात, त्याने नकार दिला कारण मवाबीण चालते हा नवा निर्णय त्याच्या कानावरच आला नव्हता.

चपलेवरून आठवलं, दीराशी लग्न किंवा त्याची चप्पल काढून रीतसर सुटका, हा निपुत्रिक विधवांचा नियमही अनुवादातलाच. रूथच्या बाबतीत तो तंतोतंत बसत नाही, बवाज दीर नव्हताच. पण तोच नियम, आणि सोबत घटस्फोटाचा, १९६० च्या दशकात आपल्या कोकणातल्या यहुदी लोकांच्या मानगुटीवर बसला. शनिवार तेली म्हणून ओळखले जाणारे, नवगावला जहाज फुटल्याची आठवण सांगणारे बेने इस्राएल, ज्यांनी बायबलच्या गोष्टींवर मराठीत कीर्तनं केली. त्यांच्यात विधवेचं दुसरं लग्न आसपासच्या समाजासारखंच नापसंत होतं. पण तिकडे इस्राएलमध्ये स्थायिक झाल्यावर काही रब्बी त्यांची लग्नं लावेनात. शंका अशी, की इतकी शतकं तुम्ही नियमांपासून लांब, मागे कुणाचा घटस्फोट नियमाबाहेर झाला असेल आणि त्या बाईचं पुन्हा लग्न झालं असेल तर तिची संतती निषिद्ध. १९६१ मध्ये वरच्या धर्मपीठाने लग्नाला परवानगी दिली, पण १९६२ मध्ये सूचना काढल्या की नोंदणी करणाऱ्याने आई, आजी अशी मागे जमेल तितकी चौकशी करावी. चौकशी फक्त यांचीच. १९६४ च्या उन्हाळ्यात लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले, ऑगस्टमध्ये संसदेने हे सर्व अर्थाने यहुदी असल्याचं जाहीर केलं, महिनाअखेर सूचनांमधून समाजाचं नाव काढलं आणि "ज्यांच्याबद्दल शंका आहे असे" अशी सरसकट भाषा आली. धर्मपीठाची बाजू अशी होती की त्यांना वंशाचे नियम पाळायचे होते, अपमान करायचा नव्हता. असेल. पण अलिबागच्या आजीचे कागद कुठून आणणार?

नंतर यहुदी धर्म स्वीकारलेल्यांचाही तोच प्रश्न. २००८ मध्ये तिथल्या वरच्या धार्मिक न्यायालयाने एका मंडळाकडची हजारो धर्मांतरं संशयात आणली, २०२१ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने देशातच झालेली उदारमतवादी पंथांची धर्मांतरं नागरिकत्वापुरती मान्य केली. दोन्ही बाजू दाखला देतात रूथचा, कारण धर्मांतराचे नियम ताल्मूदमध्ये तिच्याच त्या बोलण्यातून काढलेत. नामी तिला परत जा असं अनेकदा म्हणते, त्यावरून येणाऱ्याला तीनदा परतवून लावायचं हेही. उदारमतवादी म्हणतात, बघा, धर्मांतराला लागते ती ना न्यायसभा ना स्नान, नुसता शब्द दिला. कडवे म्हणतात, ती लग्नाआधीच मवाबात रीतसर यहुदी झाली होती, मध्ययुगातल्या एका भाष्यकाराचंही तसंच मत आहे. आणि रूथच्या पुस्तकाचं जुनं अरामी भाषांतर उघडलं तर त्यात ही रिकामी जागा भरूनच टाकलीय. वाटेवर उभी राहून नामी शब्बाथचा (शनिवारच्या विश्रांतीचा), पुढचा, त्याच्या पुढचा असे एकेक नियम सांगते आणि रूथ प्रत्येकाला हो म्हणत जाते.