आयर्लंडमधील ग्रामीण लोहारशाळा

घोड्या-गाढवांना नाल ठोकणे, शेतीची अवजारे घडवणे व दुरुस्त करणे आणि गाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव चढवणे ही कामे आयर्लंडच्या खेड्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोहारशाळेत होत. ही बहुधा चौरस्त्यालगतची एकदालनी दगडी इमारत असे. तापलेल्या लोखंडाचा रंग नीट पारखता यावा म्हणून आत मुद्दाम अंधार राखत. भट्टीला लाकडाचा किंवा पीटचा (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जळाऊ थर) कोळसा व पुढे दगडी कोळसा वापरला जाई.

सर्वांत कौशल्याचे काम धाव चढवण्याचे. चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान घडवलेली ही लोखंडी कडी वर्तुळाकार रचलेल्या पीटच्या आगीत तापवत आणि ती प्रसरण पावली की दोघे-तिघे सांडशांनी उचलून लाकडी चाकावर बसवत. लाकूड पेट घेण्याआधीच तिच्यावर पाणी ओतले जाई आणि आकसणाऱ्या लोखंडाच्या दाबाने आरे व पुठ्ठे (चाकाच्या कडेचे वक्र लाकडी तुकडे) एकमेकांत घट्ट बसत. सरपण वाचावे म्हणून बरीच चाके एकाच दिवशी उरकत.

अवजारे मात्र प्रदेशागणिक बदलत. पश्चिमेकडील ‘लॉय’ या लांबट फावड्याला एकाच बाजूला पाय टेकण्याची जागा असे, तर पीट कापण्याच्या ‘श्लान’ला काटकोनात एक पाते जोडलेले असे.

लोहाराविषयी आदर होता, तशी धास्तीही. आठव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘संत पॅट्रिकचे कवच’ या प्रार्थनेत स्त्रिया व ड्रुइड (ख्रिस्तपूर्व धर्माचे पुरोहित) यांच्याबरोबर लोहारांच्या मंत्रांपासूनही रक्षण मागितले आहे. लोखंड विझवलेले पाणी चामखिळीवर लावत. गुड फ्रायडेला खिळा ठोकणे अनेक लोहार टाळत, कारण ख्रिस्ताला खिळ्यांनीच क्रुसावर ठोकले होते. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1798 च्या उठावात बंडखोरांचे मुख्य शस्त्र असलेले भाले याच भट्ट्यांत घडले. त्यामुळे सरकारी सैन्याने लोहारांना फटके मारले, लोहारशाळाही जाळल्या.

1937–38 मध्ये लोकसाहित्य आयोगाने शाळकरी मुलांकडून लोकपरंपरा लिहवून घेतल्या. दिलेल्या विषयांत गावची लोहारशाळाही असल्याने तिच्याविषयीची माहिती विपुल आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले, घोडे कमी झाले आणि बहुतेक भट्ट्या विझल्या. काही लोहार वेल्डिंगकडे व फाटके बनवण्याकडे वळले. शर्यतीच्या घोड्यांमुळे नालबंदी मात्र टिकली असून आजचे नालबंद गॅसची छोटी भट्टी व्हॅनमध्ये घेऊन तबेल्यांवर जातात.