सव्वातीन वाजता 3.15, सव्वातीन किलो 3.25

पाचवीच्या वर्गात फळ्यावर ‘सव्वातीन’ हा शब्द लिहा आणि मुलांना तो आकड्यांत लिहायला सांगा. आमच्याकडे यावल-रावेरच्या पट्ट्यात तरी बऱ्याच वह्यांत 3.15 दिसेल. याला मी मुलांची चूक म्हणणार नाही. त्यांनी सव्वातीन पाहिलंय ते घड्याळात आणि एसटी स्टँडच्या वेळापत्रकावर, आणि तिथे ते तसंच लिहितात. त्याच मुलाच्या घरी कापूस विकल्यावर जी काट्याची पावती येते, तिच्यावर सव्वातीन क्विंटल 3.25 असं छापलेलं असतं. शब्द तोच, टिंबही तेच, आकडे मात्र वेगळे. एका मुलानं मला सरळच विचारलं होतं, “सर, टिंब तं एकच शे ना?”

दिसायला एकच, पण कामं दोन.

घड्याळातलं टिंब म्हणजे दोन खोल्यांमधली भिंत. अलीकडे तास, पलीकडे मिनिटं. दोन वेगळी मापं शेजारीशेजारी ठेवलीत आणि मध्ये टिंब दिलंय, एवढंच. पलीकडची मिनिटं 59 पर्यंत जातात आणि साठावं मिनिट भरलं की अलीकडे एक तास वाढतो. वजनातलं टिंब हे खरं दशांशचिन्ह. त्याच्या पलीकडे दुसरं माप नाहीच, तोच किलो आहे. एका किलोचे दहा सारखे भाग केले तर एक भाग म्हणजे दशांश, त्या भागाचे पुन्हा दहा केले तर शतांश. शतक, दशक, एकक असं उजवीकडे सरकताना प्रत्येक घर दहापट लहान होत आलं, तेच पुढे चालू राहिलं. टिंब फक्त एककाचं घर कुठे संपलं ते दाखवतं.

हे तोंडी सांगून मी काही वर्षं घालवली. मुलं मान डोलावतात आणि चाचणीत पुन्हा 3.15 लिहितात. फरक पडला तो कागदाच्या पट्ट्यांनी.

चार-चार मुलांचे गट करावेत. जुन्या कॅलेंडरची कोरी मागची बाजू कापून, चिकटवून प्रत्येक गटानं बरोबर 60 सेंटीमीटर लांबीच्या दोन पट्ट्या करायच्या. पहिल्या पट्टीवर एक-एक सेंटीमीटरवर खुणा करायच्या. ही तासाची पट्टी, तिच्यावर 60 मिनिटं. दुसरीचे सहा-सहा सेंटीमीटरचे दहा भाग करायचे आणि प्रत्येक भागाचे सहा-सहा मिलिमीटरचे दहा. ही किलोची पट्टी, तिच्यावर 100 शतांश. खुणा करायलाच एक तास जातो आणि तो जाऊ द्यावा. सहा मिलिमीटर मोजताना दोघं पट्टी धरतात, एक जण खूण करतो, चौथा मोजत राहतो. शंभरावी खूण नेमकी टोकाला आली नाही की कुठे चुकलं ते गट स्वतःच शोधतो.

मग दोन्ही पट्ट्या मधोमध दुमडायच्या आणि परत एकदा दुमडायच्या. म्हणजे पाव. उघडून शून्याकडून पहिली घडी कुठे पडली ते वाचायचं. तासाच्या पट्टीवर 15, किलोच्या पट्टीवर 25, तेही दोन दशांशांच्या पुढे अर्धा भाग. पट्ट्या एकाखाली एक धरल्या की घडी एकाच जागी दिसते. या क्षणी वर्गात जो आवाज होतो, तो मला फार आवडतो. सव्वा म्हणजे एकाला पावाची जोड, आणि पाव दोन्हीकडे तेवढाच आहे. एका पट्टीवर त्याचं नाव 15, दुसरीवर 25. पावणेचार मुलं मग स्वतःच काढतात, घड्याळात 3.45 आणि वजनात 3.75. यानंतर गटांना एक प्रश्न द्यावा: दोन्ही पट्ट्यांवर एकाच जागी एकच आकडा कुठे येतो का? दहा मिनिटं खाली माना घालून शोधल्यावर उत्तर येतं, फक्त शून्यापाशी.

आता रुपये-पैशांबद्दल. दशांश शिकवताना आपण पटकन 3 रुपये 25 पैसे म्हणजे 3.25 असं सांगतो. ते बरोबरच आहे, पण त्यातून एक खोड लागते. रुपयाचे पैसे 100, क्विंटलचे किलो 100, म्हणून ‘अलीकडे रुपये, पलीकडे पैसे’ असं भिंतीसारखं वाचलं तरी उत्तर जुळतं. तीच खोड मग 12.5 क्विंटलला ‘बारा क्विंटल पाच किलो’ करून टाकते. खरे ते बारा क्विंटल पन्नास किलो, म्हणजे साडेबारा. पाच किलोसाठी 12.05 लिहावं लागतं. एका शून्याच्या जागेवर 45 किलो कापूस अडकलाय. शिवाय पैसे आता मुलांच्या हातात येतात तरी कुठे? 25 पैशांचं नाणं 30 जून 2011 नंतर चलनातून गेलं. आजोबांची पावली, म्हणजे चार आण्यांचं नाणं, तर त्याच्याही आधीची. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 पैसे झाले, त्याआधी रुपया 16 आण्यांचा होता आणि सव्वातीन रुपये म्हणजे तीन रुपये चार आणे.

म्हणून पैशांऐवजी मी वजन घेतो. ओळखीच्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा तासाभरासाठी मागून आणायचा आणि ज्वारी किंवा भरताची वांगी घ्यायची. एका गटाला चिठ्ठी 1.5 किलोची, दुसऱ्याला 1.05 ची, तिसऱ्याला 1.50 ची. प्रत्येकानं आपापली पिशवी भरायची. काट्यावर तीन घरं दिसतात, 1.500 आणि 1.050. पिशव्या भरल्या की त्या अदलाबदल करून हातात घ्यायच्या. 1.05 ची पिशवी उचलणाऱ्याला लगेच कळतं की शून्य उगाच नव्हतं. आणि 1.5 व 1.50 चे गट एकमेकांकडे बघतात, कारण पिशव्या सारख्याच निघतात.

इथूनच दोन टिंबं ओळखायची सोपी कसोटी मिळते. शेवटचं शून्य पुसून पाहा. 3.50 किलोचं शून्य पुसलं तर 3.5 किलो, काहीच बिघडलं नाही. 3.50 वाजताचं शून्य पुसलं तर चारला दहा कमी होते ते भलतंच काहीतरी झालं. पुसल्यानं अर्थ बदलला तर ते दशांशचिन्ह नव्हे.

क्रिकेटचं टिंबही घड्याळाच्याच जातीचं. 19.3 ओव्हर म्हणजे 19 ओव्हर आणि 3 चेंडू, एकूण 117 चेंडू, म्हणजे गणितातल्या साडेएकोणीस ओव्हर. 150 धावा झाल्या असतील तर रनरेट काढताना 19.5 नं भागायचं, 7.69 येतं. 19.3 नं भागणाऱ्याचं 7.77 येतं. हे उदाहरण मुलं सुट्टीतही सोडत नाहीत.

बेरजेत मात्र जपावं लागतं. 3.45 वाजता निघालेली बस 30 मिनिटांनी पोहोचली तर 4.15 वाजतात, आणि 3.45 किलोत 0.30 किलो घातले तर 3.75 होतात. दोन्ही गणितं एकाच पानावर, एकमेकांसमोर सोडवून घ्यावीत. वेगवेगळ्या दिवशी दिली तर घोळ परत येतो, हा माझा अनुभव.

आमच्या वर्गातल्या भिंतीवरचं वेळापत्रक मुलांनी आता नव्यानं लिहिलंय. वेळेत एका टिंबाऐवजी एकाखाली एक दोन टिंबं देतात, 3:15. एक टिंब वजनासाठी राखून ठेवलंय, असं त्यांनी मला सांगितलं.