थंड समुद्रातील माशांची अंडी व प्रारंभिक विकास

उत्तर अटलांटिक तसेच ध्रुवीय समुद्रांत राहणाऱ्या अस्थिमत्स्यांच्या (हाडांचा सांगाडा असलेल्या माशांच्या) अंड्यांचा विकास उष्ण समुद्रातील माशांच्या मानाने फार संथ असतो, आणि त्यांच्या प्रजननाची बरीचशी वैशिष्ट्ये या संथपणामुळेच उलगडतात. उष्ण समुद्रातील अनेक माशांची अंडी एकदोन दिवसांत फुटतात. अटलांटिक कॉडच्या अंड्यांना मात्र ६° से. तापमानात दोन ते तीन आठवडे आणि शून्य अंशाजवळ महिन्याहून अधिक काळ लागतो.

कॉडचे अंडे पारदर्शक असून त्याचा व्यास सुमारे दीड मिमी. असतो. ते पाण्यात तरंगते, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ गेओर्ग ओसियान सार्स यांनी १८६० च्या दशकात लोफोटेन बेटांजवळ दाखवून दिले. तोवर माशांची अंडी तळाशीच असतात, असा सर्वसाधारण समज होता. अंडी बाहेर पडण्यापूर्वी पीतकातील (अंड्यात साठवलेल्या अन्नातील) काही प्रथिनांचे विघटन होऊन मुक्त ॲमिनो अम्ले तयार होतात, त्यांच्यामुळे अंड्यात पाणी ओढले जाते, आणि हे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी खारट असल्याने अंडे हलके होते. बाल्टिक समुद्राचा वरचा थर इतका गोडसर आहे, की तेथे कॉडची अंडी खोल, अधिक खाऱ्या थरापर्यंत उतरतात. त्या थरात प्राणवायू कमी पडला तर ती मरतात.

फलनानंतर पेशीविभाजन अंड्याच्या एका ध्रुवावरील लहानशा चकतीपुरतेच होते. ही चकती पसरत पीतकाला वेढते, तिच्यात भ्रूणाची रेषा उमटते, डोळ्यांत रंगद्रव्य भरते व हृदय धडधडू लागते. शेवटी भ्रूणातील विशेष ग्रंथींच्या विकरामुळे (एंझाइममुळे) कवच मऊ पडते आणि चारपाच मिमी. लांबीचा डिंभ (माशाचे अपक्व पिल्लू) बाहेर येतो.

सर्वच माशांची अंडी अशी तरंगत नाहीत. हेरिंगची चिकट अंडी खडीवर किंवा समुद्रशैवालावर थरांनी चिकटतात. लंपफिशचा नर अंड्यांच्या पुंजक्यावर पाणी खेळवत त्याची कित्येक आठवडे राखण करतो. अंटार्क्टिकाजवळील वेडेल समुद्राच्या तळाशी २०२१ मध्ये हिममाशांच्या घरट्यांची प्रचंड वसाहत आढळली. तेथील घरट्यांची संख्या सुमारे ६ कोटी असावी, असा अंदाज आहे. अटलांटिक हॅलिबट या चपट्या माशाचे सुमारे ३ मिमी. व्यासाचे अंडे खोल पाण्यात तरंगत राहते आणि त्याचा डिंभ महिनाभराहून अधिक काळ पीतकावरच जगतो. हा डिंभ प्रथम दोन्ही बाजूंनी सारखा असतो. डावा डोळा उजवीकडे सरकतो तो पुष्कळ नंतर, रूपांतरणाच्या वेळी.

पीतक संपण्याच्या सुमारास डिंभाला कोपेपॉडांची (सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची) पिल्ले पुरेशी मिळाली नाहीत, तर तो उपासमारीने मरतो. नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ मध्ये मांडलेल्या विचारानुसार एखाद्या वर्षीची माशांची पिढी मोठी की लहान, हे मुख्यतः याच अवस्थेत ठरते. पुढील संशोधनाने भक्षक, प्रवाह व तापमान यांचाही वाटा दाखवून दिला. तापमानवाढीच्या संदर्भात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण भ्रूणाला मानवणाऱ्या तापमानाची कक्षा प्रौढ माशाच्या कक्षेपेक्षा पुष्कळच अरुंद असते. बर्फाखाली अंडी घालणाऱ्या ध्रुवीय कॉडच्या बाबतीत तर पाणी काही अंशांनीच तापले तरी अंड्यांतून जिवंत बाहेर पडणाऱ्या डिंभांची संख्या घटते.